गणिताच्या जुळणीत ‘ठळक’ म्हणजे नेमके काय?

सोलापूरला पंचांगांच्या छपाईचा जुना वारसा आहे आणि आकड्यांच्या जुळणीतील कष्ट इथल्या छापखान्यांनी पुष्कळ सोसले. खिळ्यांच्या त्या काळात जाड टंक हवा असेल, तर कंपोझिटर वेगळ्या खणातला खिळा उचलत असे. १९७७-७८ साली टेक ही संगणकावर मजकूर आणि गणित जुळवणारी प्रणाली आकाराला येऊ लागली आणि हा निर्णय हातातून आज्ञेकडे गेला.

टेकवरच उभारलेल्या लाटेक या प्रणालीच्या सुरुवातीच्या आवृत्तीत ‘बीएफ’ म्हणजे ठळक आणि ‘आयटी’ म्हणजे तिरपा टंक. दोन्ही आज्ञा एकापाठोपाठ दिल्या, तरी ठळक तिरपे अक्षर मिळत नसे. शेवटची आज्ञा तेवढी टिके. १९९४ च्या आवृत्तीने टंकाचे कुटुंब, त्याची जाडी आणि त्याचा आकार हे गुण वेगळे केले, त्यामुळे मजकुरात ते एकत्र येऊ लागले. गणितात मात्र ही मोकळीक मुद्दाम दिली नाही. तिथे ‘मॅथबीएफ’ या ठळक टंकाच्या आज्ञेच्या आत ‘मॅथआयटी’ ही तिरप्या टंकाची आज्ञा लिहिल्यास आजही आतली आज्ञाच चालते.

यावर बराच वाद झाला, पण मला हा निर्णय योग्य वाटतो. सूत्रातला ठळक अक्षराचा सदिश आणि साध्या अक्षराची अदिश राशी ही दोन भिन्न चिन्हे आहेत. प्रमेयाचा मजकूर तिरपा झाला म्हणून त्यातल्या चिन्हांचा अर्थ बदलता कामा नये. खरी अडचण वेगळीच आहे. ‘मॅथबीएफ’ लॅटिन अक्षर ठळक करताना सरळही करते आणि लहान ग्रीक अक्षरांना स्पर्शच करत नाही, तर आंतरराष्ट्रीय मानकाला सदिश ठळक आणि तिरपा हवा असतो. त्यासाठी ‘बोल्डसिम्बॉल’ ही वेगळी आज्ञा वापरावी लागते. प्रबंध जुळवताना ‘ठळक अल्फा’ साधाच का उमटला, असे विद्यार्थी विचारतात, ते यामुळेच. त्यातच देवनागरीला तिरप्या टंकाची परंपरा नसल्याने मराठी प्रबंधात शीर्षक, व्याख्येतील संज्ञा आणि सदिश हे सगळेच ठळक होते.

२००१ मध्ये युनिकोडने, म्हणजे संगणकावरील प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकाने, गणिती अक्षरांच्या शैलींना स्वतंत्र संकेतांक दिले आणि ठळक ‘एक्स’ हे वेगळे चिन्ह ठरले. तिरप्या ‘एच’ची जागा त्या मालिकेत रिकामी आहे, कारण प्लँकच्या स्थिरांकासाठी तो आधीच नोंदलेला होता. पुढे युनिकोड गणितासाठीच्या लाटेक-संचाने एकेका चिन्हासाठी ‘सिम्बीएफ’ आणि अनेक अक्षरी नावांसाठी ‘मॅथबीएफ’ अशी फोड केली. जुन्या फाइलींतील ‘बीएफ’ अनेक दस्तऐवज-वर्गांत अजून निमूट चालते आणि म्हणूनच एका प्रबंधातून दुसऱ्यात उतरत राहते.