बायोस रिसेट म्हणजे बायोस अपडेट नव्हे

‘सेल काढून पाच मिनिटांनी बसवा, बायोस नवा होईल’ असं सर्रास सांगितलं जातं. तसं होत नाही. बायोस म्हणजे कॉम्प्युटर चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ या गोल बटण-सेलच्या जिवावर टिकतात त्या सेटिंग्ज आणि घड्याळ. बायोस स्वतः मदरबोर्डवरच्या छोट्या फ्लॅश चिपमध्ये असतो. त्याला सेल लागतच नाही.

चालू करताना दर वेळी तारीख मागे जात असेल, एफ१ दाबायला सांगत असेल, तर सेल उतरलाय. नवा ३ व्होल्टचा असतो, २.७च्या खाली गेला की बदलून टाका. रॅमचा वेग चुकीचा ठेवल्याने स्क्रीन काळी राहिली, तर रिसेट करा: वायर काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, मग सेल काढा किंवा सेटिंग्ज पुसणारा क्लिअर सीमॉसचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) जोडा. त्याआधी जमलं तर बायोसमधल्या साटा मोडचा (हार्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचं, त्या सेटिंगचा) फोटो काढून ठेवा. रिसेटमुळे त्या सेटिंगमध्ये एएचसीआयचं आयडीई झालं, तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकते आणि हार्ड डिस्क गेली असं उगाच वाटतं.

अपडेटची गरज वेगळी. २०११ च्या इंटेल एच६१ चिपसेटच्या बोर्डावर आय५-३४७० हा नंतरचा प्रोसेसर बसवलात आणि डिस्प्लेच आला नाही, तर कितीही वेळा सेल काढा, फरक पडणार नाही. त्या बायोसला तो प्रोसेसर माहीतच नाही. आय३-२१०० सारखा जुना प्रोसेसर लावून आधी अपडेट करावं लागतं.

विंडोजच्या एमएसइन्फो३२ मध्ये बायोसचं आताचं व्हर्जन बघा. बोर्डाचं मॉडेल आणि रिव्हिजन मात्र बोर्डावर छापलेलंच वाचा. रिव्हिजन १ ची फाइल २ ला चालेलच असं नाही. काही बोर्डांना आधी मधलं व्हर्जन किंवा मॅनेजमेंट इंजिनचं (इंटेल चिपसेटमधल्या छोट्या कंट्रोलरचं) फर्मवेअर लागतं, म्हणून कंपनीची सूचना पूर्ण वाचा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर तात्पुरतं थांबवा. फाइल एफएटी३२ केलेल्या पेन ड्राइव्हवर टाका आणि बायोसमधल्याच अपडेटच्या सोयीने (गिगाबाइटची क्यू-फ्लॅश, आसुसची ईझेड फ्लॅश) अपडेट करा. यूपीएस हवाच: आधी चिप पुसली जाते, मग लिहिली जाते. मध्येच वीज गेली तर चिपमध्ये अर्धाच प्रोग्राम उरतो. अपडेटनंतर सेटिंग्ज बहुधा मूळपदावर जातात, म्हणून साटा मोड पुन्हा तपासा. रिसेट आणि अपडेट यांची गल्लत होते ती इथेच.

अर्धवट राहिलेलं अपडेट सेल काढून सुधारत नाही. ड्युअल बायोसचा, म्हणजे दोन बायोस चिपांचा बोर्ड असेल तर दुसऱ्या चिपवरून सावरू शकतो. नाहीतर सीएच३४१ए प्रोग्रामरने (चिपला क्लिप लावून यूएसबीवरून लिहिणाऱ्या छोट्या उपकरणाने) चिप लिहावी लागते. त्याच्या काही स्वस्त प्रतींत डेटाच्या पिनांवर ५ व्होल्ट येतात आणि चिप ३.३ची असते, तेव्हा क्लिप लावण्याआधी मल्टिमीटरने मोजा.