‘सहावीपासून कोडिंग’चा घोळ नेमका सुरू कुठून झाला

लहान पोरांना घरी स्क्रीनवरचे सूचनांचे तुकडे, म्हणजे ब्लॉक, जोडून कोडिंग शिकवायचं, म्हणजे कॉम्प्युटरला काय करायचं ते सांगायला शिकवायचं, ही गोष्ट आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडं लोक लॉकडाऊनपासून मोजतात. तसं मूळ बरंच जुनं आहे. लोगो ही कॉम्प्युटरची भाषा अमेरिकेत १९६७ ला आली, तीही मुलांसाठीच; कासवाला ‘पुढे जा, वळ’ सांगून चित्र काढायचं, ते तिच्यात थोडं नंतर आलं. आपल्या सरकारनं १९८४ ला शाळांत कॉम्प्युटर न्यायची योजना काढली, पण ती ठराविक शाळांपुरतीच राहिली. मग २००७ ला स्क्रॅच, म्हणजे ब्लॉक जोडून गोष्टी-खेळ बनवायचं सॉफ्टवेअर, आणि २०१४ ला त्याचं धाकटं भावंड स्क्रॅच ज्युनियर, आधी आयपॅडवर, पुढच्या वर्षी अँड्रॉइडवर.

घरच्या शिकवणीसाठी खरा फरक पडला तो या ज्युनियरनं. ब्लॉकवर शब्दच नाहीत, नुसते बाण आणि चित्रं, म्हणजे मराठी मिडियमच्या पहिलीतल्या पोराचं इंग्रजीपायी काही अडत नाही, आणि एकदा डाउनलोड केलं की नेट लागत नाही, लाइट गेली तरी चार्जिंग असेपर्यंत चालतं. फक्त टॅब पाहिजे, मोबाइलच्या बारक्या स्क्रीनसाठी ते बनवलेलंच नाही.

आता २०२०. २९ जुलैला नवं शैक्षणिक धोरण मंजूर झालं आणि दुसऱ्या दिवसापासून व्हॉट्सअ‍ॅपवर एकच ओळ फिरायला लागली, ‘सहावीपासून कोडिंग’. धोरणात खरं तर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे गणिती विचार आणि पायरीपायरीनं विचार करायची सवय, ती अगदी पायाभूत टप्प्यापासून, म्हणजे बालवाडी ते दुसरी, आणि तीही कोडी-खेळांतून. दुसरी म्हणजे कोडिंगचा समावेश असलेले उपक्रम, ते सहावी ते आठवीच्या टप्प्यात. उपक्रम म्हटलंय, सक्तीचा पेपर कुठंच म्हटलेलं नाही. पण ऐकणाऱ्यानं दोन्हीचं एकच केलं, आणि त्यात शाळा बंद, पोरं घरात, आईबाप काळजीत, अशा वेळी ऑनलाइन क्लासवाल्यांच्या जाहिराती आल्या की सहा-सात वर्षांच्या पोरानं अ‍ॅप बनवलं आणि गुंतवणूकदार दारात उभे. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेनं त्यातल्या काही त्याच वर्षी मागे घ्यायला लावल्या, तोवर आमच्या ओळखीतल्या दोन-तीन घरांनी केळीच्या पैशातून फी भरून टाकली होती.

मला राग त्या फीपेक्षा शब्दाचा जास्त येतो. नोकरीसाठी टाइप करून लिहितात तेही कोडिंग, पहिलीतलं पोर स्क्रॅच ज्युनियरमधल्या मांजरीला उडी मारायला लावतं तेही कोडिंग, आणि स्क्रीनशिवाय ‘दोन पावलं पुढे, डावीकडे वळ’ खेळतात तेही कोडिंगच. तीन वयांच्या तीन गोष्टींना एकच नाव दिलं की आईबाप पहिल्या गोष्टीची अपेक्षा दुसऱ्या गोष्टीकडून करणारच ना!

घरी काय होतं ते सांगते. मागच्या मे महिन्यात अमळनेरला भाची आमच्याकडं होती, सहा वर्षांची. रात्री गच्चीवर जुन्या टॅबवर स्क्रॅच ज्युनियर उघडून बसलो. तिनं उजवीकडच्या बाणाखाली आकडा वाढवत नेला, मांजर उजवीकडून बाहेर गेली आणि डावीकडून परत आली. “मावशी, ही मागून कशी आली?” मी काही बोलले नाही. तिनं आडव्या-उभ्या रेघांची चौकट चालू करून आडवी घरं मोजली, वीस भरली. मग बाणाखाली २० टाकले, हिरवा झेंडा दाबला, मांजर फिरून पुन्हा आपल्याच जागेवर. तिनं लगेच ४० टाकून बघितले. अर्धा तास गेला यात, आणि त्या अर्ध्या तासात मी तिला शिकवलं असं काहीच नव्हतं.

शाळा पुन्हा उघडल्यावर ऑनलाइन क्लासची हवा ओसरली, पुष्कळ घरांनी मधेच सोडलं. स्क्रॅच तसंच राहिलं, फुकट होतं आणि आहे. आता २०२५ च्या ऑक्टोबरात केंद्रानं सांगितलं की २०२६-२७ पासून तिसरीपासूनच एआय आणि तोच पायरीपायरीचा विचार अभ्यासक्रमात आणायचा, आणि तेव्हापासून चोपडा, रावेरकडून नातेवाइकांचे फोन सुरू झालेत, “ताई, तिसरीला कोडिंग कंपल्सरी झालं का? क्लास लावू का?” मी आधी विचारते, घरात टॅब आहे का.