शके एक, दिनदर्शिका दोन

२१ मार्च ते ८ एप्रिल २०२४ या १९ दिवसांत 'सध्या शके किती?' याची दोन उत्तरे होती, आणि दोन्ही बरोबर. पाडवा ९ एप्रिलला असल्याने पंचांगात शके १९४५ चालू होते. सरकारी कारभाराच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत मात्र १९४६चा चैत्र चालू होता, आणि ८ एप्रिलपर्यंत तो निम्म्याहून पुढे गेला होता.

याचे मूळ १९५७च्या निर्णयात आहे. देशभर तिसेक पंचांगे चालत होती. सरकारी कारभारासाठी एकच असावे म्हणून नेमलेल्या समितीने निव्वळ सौर, सायन (विषुवदिनापासून मोजलेली) दिनदर्शिका सुचवली आणि २२ मार्च १९५७ हा दिवस १ चैत्र १८७९ ठरला. गणित सुटसुटीत आहे: चैत्र ३० दिवसांचा, वैशाख ते भाद्रपद ३१ दिवसांचे, पुढचे सहा महिने ३० दिवसांचे. शकात ७८ मिळवून येणारे इसवी सन लीप असेल, तर चैत्र ३१ दिवसांचा आणि त्याची सुरुवात २१ मार्चला.

चूक झाली ती नावांत. बंगालमध्ये सौर महिन्यांनाही वैशाख, ज्येष्ठ म्हणतात, त्यामुळे तिकडे फारसे अडले नसेल. पण चांद्रमास पाळणाऱ्या मराठी माणसाला 'श्रावण' म्हणजे अमावास्येनंतर लागणारा महिना. राष्ट्रीय श्रावण दरवर्षी २३ जुलैलाच लागतो. २०२३मध्ये १८ जुलैपासून अधिक (जास्तीचा) श्रावण होता आणि निज (नेहमीचा) श्रावण १७ ऑगस्टला लागला. ब्राउझरात 'इंडियन' म्हणून मिळते ते कॅलेंडर राष्ट्रीयच. ते मराठीत दाखवले की श्रावण सोमवार चुकलाच म्हणून समजा.

मग संगणकात स्वतः तिथी साठवायला गेलात, तर दिवस ओळखायला शक-महिना-पक्ष-तिथी एवढी किल्ली पुरत नाही. 'श्रावण शुद्ध ५' अधिकातही येते, निजातही. त्यासाठी वेगळा रकाना हवा. दिवसाची तिथी म्हणजे सूर्योदयाला चालू असलेली तिथी. ती १९ ते २६ तासांची असल्याने वृद्धी झाली की एकच तिथी दोन दिवसांना लागते, क्षय झाला की एकाही दिवसाला नाही. सूर्योदय गावागणिक बदलतो, म्हणून अक्षांश-रेखांशही नोंदवावे लागतात. साठवायची ती इंग्रजी तारीखच. तिथी दरवेळी त्यावरून काढावी. पौर्णिमान्त (पौर्णिमेला संपणारा) महिना पाळणाऱ्या उत्तरेत आपली श्रावण वद्य अष्टमी भाद्रपदातली ठरते, तेव्हा महिन्याचे नावही दाखवतानाच ठरवावे.