गांडूळ कापलं की दोन होतात? नाही हो!

आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी लहान मुलांना घेऊन माती कालवायचा, रोपं लावायचा कार्यक्रम असतो आणि दर वेळी कुणीतरी खुरपं उगारून सांगतंच की गांडुळाचे दोन तुकडे केले की दोन गांडुळं होतात. पोरांचा काय दोष, आपणच त्यांना हे सांगत आलोय.

मोठ्या गांडुळाच्या अंगावर तोंडाच्या बाजूला एक वेगळ्या रंगाचा पट्टा दिसतो बघा, मेंदू आणि हृदयं (हो, एकापेक्षा जास्त असतात) त्याच्या पुढच्या भागात असतात. घाव बराच मागे बसला तर पुढचा भाग कधीकधी जगतो, शेपटीही थोडी वाढते, पण मागचा तुकडा नुसता वळवळत राहतो आणि मरतो, आणि ती वळवळ बघूनच लोकांना वाटतं की दुसरं गांडूळ झालं! गांडूळखतातल्या पेरिओनिक्ससारख्या काही जातींत तुटलेला भाग परत यायची ताकद जास्त असते, हे खरंय. पण तुकड्यातून अख्खा जीव होण्यात पटाईत तो प्लॅनेरिया, पाण्यातला चपटा किडा, गांडूळ नव्हेच.

मुलांना कापून दाखवण्यापेक्षा गांडूळ क्षणभर कोऱ्या कागदावर सोडा आणि कान लावायला सांगा. अंगावरच्या बारीक काट्यांची खरखर ऐकू येते, पोरं एकदम चिडीचूप होतात. मग लगेच ओल्या मातीत परत, कारण ते कातडीनेच श्वास घेतं आणि कातडी सुकली की संपलं.