सोवोचे डोके

पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये मेंडे बायका एक काळा लाकडी मुखवटा घालून नाचतात. त्यांच्या भाषेत त्याला ‘सोवो-वुई’ म्हणतात, म्हणजे सोवोचे, पाण्यातल्या एका आत्म्याचे, डोके. नाव अगदी नेमके आहे. हा मुखवटा चेहऱ्यावर बांधत नाहीत, हेल्मेटसारखा डोक्यावरून खाली उतरवतात. उंची साधारण ३५ ते ४५ सेंटीमीटर. खालच्या कडेला ओळीने भोके असतात. त्यांतून काळ्या रंगवलेल्या राफियाच्या, म्हणजे ताडवर्गीय झाडाच्या तंतूंच्या, दाट झुलपा ओवतात. हातपायही काळ्या कापडात झाकतात. कातडी कुठेही दिसता कामा नये, कारण समोर नाचते ती शेजारची बाई नसून पाण्यातून वर आलेली सोवो असते.

आत मात्र बाईच असते, आणि हे विशेष आहे. आफ्रिकेत मुखवटा घालून नाचण्याचे काम बहुतेक ठिकाणी पुरुषांचे. नायजेरियातल्या योरुबांचा गेलेडे सोहळा स्त्रियांच्या शक्तीच्या गौरवाचा, पण तिथेही मुखवट्याखाली पुरुष असतो. मेंडे, व्हाय, गोला, शेर्ब्रो या समाजांतली सांडे ही बायकांची संस्था याला ठळक अपवाद आहे. कोरणारा मात्र इथेही पुरुषच.

तो हलके लाकूड निवडतो, कारण हे ओझे मानेवर घेऊन नाचायचे असते. खोडाचा एकच गोल ठोकळा घ्यायचा, वाकसाने बाहेरून आकार तासायचा, आतून पोकळ करायचे आणि बारीक काम सुरीने उरकायचे. पोकळ करण्याचा फायदा केवळ वजनाचा नाही. लाकूड वाळताना वर्तुळाकार वलयांच्या दिशेने जास्त आकसते, त्रिज्येच्या दिशेने कमी. या ओढाताणीत भरीव ओंडका तडकतो. मधला गाभा काढला की ताण बराच सैल होतो. वर केशरचनेच्या भागात लाकूड जाड राहते, म्हणून तिथे तड्याची भीती अधिक. पृष्ठभाग घासायला उंबराच्या कुळातल्या झाडाची खरखरीत पाने वापरतात. कोकणातली खरवत याच कुळातली. मग पानांच्या काढ्याचा काळा रंग आणि शेवटी पामतेलाचा हात. अलीकडे बुटाचे पॉलिशही चालते. चकाकी हवीच: नदीतून नुकत्याच निघालेल्या ओल्या अंगाची ती खूण आहे.

आता चेहरा. कपाळ रुंद आणि उंच, जवळजवळ अर्धा चेहरा व्यापणारे: शहाणपणाचे. त्याखाली नाक-डोळे-तोंड दाटीवाटीने, लहान. डोळे म्हणजे खाली झुकलेल्या चिरा. तोंड मिटलेले, कारण जाणती बाई वाटेल ते बोलत नाही. नाचणारी सोवोही बोलत नाही, तिच्या हालचालींचा अर्थ सोबतची बाई लोकांना सांगते. केस बारीक विणलेले, कधी वर पक्षी किंवा साप. अशी वेणी एकटीला घालता येत नाही, दुसऱ्या बाईचा हात लागतो. म्हणून ही केशरचना सौंदर्याइतकीच बायकांच्या आपसातल्या नात्यांचीही खूण ठरते. मानेवरच्या वळ्या कुणी अंगभर सुबत्तेच्या मानतात, कुणी सोवो वर येताना पाण्यावर उठलेल्या तरंगांच्या. मला दुसरा अर्थ जास्त पटतो, कारण काळी चकाकी आणि वळ्या मग एकच गोष्ट सांगतात.

गिनीतल्या बागा लोकांचा ‘द्’म्बा’ मुखवटा शेजारी ठेवला तर आदर्श किती वेगळा असू शकतो ते कळते. तो मीटरभराहून उंच, भलताच जड, मुलांना पाजून ओघळलेल्या स्तनांचा: आई झालेली बाई. सोवोत दिसते ती बाईपणाच्या उंबरठ्यावरची तरुणी.

या उंबरठ्याची किंमतही सांगायला हवी. सांडेच्या दीक्षेत मुलींना घरकाम, वागणूक, नाच शिकवतात, अंगाला ‘होजो’ ही पांढरी माती लावतात. आणि बहुतेक ठिकाणी मुलींचा खतनाही करतात. त्याने आयुष्यभराची इजा होते. सिएरा लिओनमधल्याच अनेक बायका या प्रथेविरुद्ध लढत आहेत, आणि काही गावांनी खतना वगळून दीक्षा सुरू ठेवली आहे.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे १८८६ सालच्या वसाहतींच्या प्रदर्शनातून आलेला असाच एक सोवोचा मुखवटा आहे. त्याच्या डोक्यावर युरोपीय हॅट कोरली आहे. परकी वस्तूही प्रतिष्ठेची वाटली की वेणीच्या जागी बसते.

मुखवटा जुना झाला, तडकला, रंग उडाला, की काही वेळा त्याला दुसरे काम मिळते. ‘गोन्डे’ ही सांडेतली विदूषक. तिचा मुखवटा बहुधा असाच टाकाऊ, वर ठिगळे आणि कसले कसले डबे लटकवलेले. सोवो जे करत नाही ते सगळे ती करते: बडबडते, वेडेवाकडे नाचते, लोकांपुढे हात पसरून पैसे मागते. पोरीबाळी हसून लोळतात.