बालकांची चलनसाधने (नाशिक)

बालकांची चलनसाधने : मान धरणे, पालथे पडणे, बसणे, रांगणे, उभे राहणे, चालणे या स्थूल कारक हालचालींत अडथळा असलेल्या लहान मुलांना स्वतःच्या इच्छेने जागा बदलता यावी म्हणून वापरली जाणारी साधने. जमिनीलगतची चाकांची फळी, वॉकर, गेट ट्रेनर (धडाला पट्ट्यांचा आधार देणारी चालण्याची चौकट), लहान मापाची व्हीलचेअर आणि बॅटरीवरची गाडी हे त्यांचे मुख्य प्रकार. कॅलिपर (पायाला बांधायचा आधार), स्टँडिंग फ्रेम आणि सी. पी. (सेरेब्रल पाल्सी) चेअर यांनाही पुष्कळदा याच वर्गात घालतात. त्यांच्या आधाराने मूल नीट उभे राहते, नीट बसते. पण खिडकीशी जायचे असेल तर त्याला दुसऱ्या कोणीतरी न्यावे लागते. म्हणून येथे त्यांचा विचार ओघानेच केला आहे. नोंद मुख्यतः सहा वर्षांखालील मुलांविषयी असून स्थानिक तपशील नाशिक शहर व जिल्ह्यातील आहेत.

कारणे : सेरेब्रल पाल्सी, म्हणजे वाढत्या मेंदूला इजा झाल्याने हालचाल व तोल बिघडण्याची अवस्था, हे सर्वांत मोठे कारण. हजार जिवंत जन्मांमागे सुमारे दोन, भारतात कदाचित तीन, असे तिचे प्रमाण धरले जाते. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मल्यावर बाळ न रडणे, वाढलेली कावीळ, मेंदूज्वर ही तिची इथली नेहमीची पार्श्वभूमी. स्पायना बायफिडा (पाठीचा कणा जन्मतः नीट न जुळणे), स्नायूंचे आनुवंशिक विकार व जन्मजात अवयवदोष ही इतर कारणे. पोलिओचा भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. या बदलाचा साधनांशी थेट संबंध आहे. कॅलिपर, कुबड्या, हाताने पॅडल मारायची तीनचाकी ही आपल्याकडची परिचित साधने पोलिओच्या मुलाला सोयीची होती. त्याचे पाय लुळे, पण बहुधा हात, कंबर आणि मान शाबूत असे. सेरेब्रल पाल्सीत मान, धड, हात, पाय सारेच कमीअधिक गुंतलेले असते. तरीही शिबिरांतून वाटप होणाऱ्या साहित्यावर जुन्या घडीची छाप दीर्घकाळ राहिली.

पूर्वेतिहास : चाकांच्या चौकटीत उभे राहून पाऊल टाकणारे बालक युरोपातील मध्ययुगीन चित्रांत दिसते, सुमारे १४४० च्या एका डच हस्तलिखितातील चित्र त्यांपैकी प्रसिद्ध आहे. सुताराकडून करून घेतला जाणारा तीन चाकी लाकडी पांगुळगाडा साधारण याच कुळातला, पण त्यात एक महत्त्वाचा फरक आहे व तो पुढे येईल. न्यूरेंबर्गच्या श्टेफान फार्फलरने १६५५ च्या सुमारास स्वतःसाठी हाताने चालवायची तीनचाकी केली. हर्बर्ट एव्हरेस्ट व हॅरी जेनिंग्ज यांची घडीची व्हीलचेअर १९३० च्या दशकातील आणि कॅनडात जॉर्ज क्लाइन यांनी विकसित केलेली विजेवरची खुर्ची दुसऱ्या महायुद्धानंतरची. शेवटची ही तिन्ही साधने प्रौढांसाठी होती. मुलांना पुष्कळ वर्षे त्यांचीच लहान आवृत्ती मिळत गेली.

अगदी लहान मुलाच्या हाती स्वयंचलित साधन प्रथम कोणी दिले, याबद्दल एकवाक्यता नाही. थॅलिडोमाइड हे गरोदरपणात घेतले जाणारे औषध नोव्हेंबर १९६१ मध्ये जर्मनीत मागे घेतले गेले. त्याच्या परिणामाने हातपाय अपुरे राहिलेल्या मुलांसाठी युरोपात साठच्या दशकात विजेवरच्या छोट्या गाड्या बनवल्या गेल्या. काही अभ्यासक आरंभ तिथे मानतात. दुसरा पक्ष हा मान अमेरिकेतील शार्लीन बटलर व त्यांच्या सहकाऱ्यांना देतो. १९८३ पासूनच्या त्यांच्या लेखांत दोन-तीन वर्षांची मुले विजेवरची खुर्ची सुरक्षितपणे चालवायला शिकल्याची पद्धतशीर नोंद आहे. गाड्या आधी झाल्या हे खरे. पण इतक्या लहान वयात हे शिकता येते, ही गोष्ट तपासून मांडण्याचे श्रेय बटलर यांच्याकडेच जाते, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. स्वीडनमध्ये लिस्बेथ निल्सन यांनी नव्वदच्या दशकात आणखी पुढे जाऊन तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना जॉयस्टिक दिली. मुलाने गाडी कौशल्याने चालवावी अशी त्यांची अपेक्षा नव्हती. हात हलवला की आपण हलतो, हे त्याला उमगावे एवढाच हेतू होता.

हालचाल व मानसिक विकास : या विषयाचा सैद्धांतिक पाया रिचर्ड हेल्ड व अ‍ॅलन हाइन यांच्या १९६३ च्या प्रयोगाकडे नेला जातो. मांजराच्या पिलांच्या जोड्यांपैकी एक पिलू स्वतः चाले आणि दुसरे त्याच्याच हालचालीने टांगत्या पेटीतून फिरे. दोघांना दिसणारे दृश्य जवळपास सारखेच असे. पण खोल-उथळ ओळखण्याचे भान स्वतः चाललेल्या पिलांनाच आले. पिलांवरून मुलांविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे होते आणि प्रयोगाच्या अन्वयार्थावर आक्षेपही घेतले गेले. माणसाच्या बाळांबाबत भक्कम पुरावा जोसेफ कॅम्पोस व सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात जमवला. रांगू लागलेली बाळे उंचीला बिचकतात, लपवलेली वस्तू शोधतात, आईने बोट दाखवलेल्या दिशेला पाहतात. त्याच वयाची न रांगणारी बाळे यांत मागे असतात. केर्मोइअन व कॅम्पोस यांच्या १९८८ च्या अभ्यासात अजून न रांगणारी, पण घरी वॉकरमध्ये फिरण्याचा सराव असलेली बाळे लपवलेली वस्तू शोधण्यात रांगणाऱ्या बाळांच्या बरोबरीची ठरली. म्हणजे स्नायूंनी कमावलेली हालचाल आणि साधनाने मिळालेली हालचाल, दोहोंचा मनावर होणारा परिणाम निदान या बाबतीत सारखा दिसला. चलनसाधन लवकर द्यावे या मताचा खरा आधार हाच.

येथे एक अडचण उभी राहते. त्याच वॉकरविरुद्ध बालरोगतज्ज्ञ बोलत आले आहेत. अमेरिकन बालरोग अकादमीने २००१ मध्ये चाकांच्या वॉकरवर बंदीची शिफारस केली आणि कॅनडाने एप्रिल २००४ मध्ये त्यांची विक्री, आयात व जाहिरात बंद केली. जिन्यावरून पडणे, भाजणे ही कारणे होतीच, शिवाय निरोगी मुलाच्या चालण्यास त्याने विलंब होतो असेही आढळले. वॉकरच्या लाभाचा पुरावा आणि त्यावरची बंदी यांतील हा परस्परविरोध अर्धाच खरा आहे, कारण बंदी आहे ती झोळीसारख्या बैठकीच्या, बाळ आत लटकून बोटांच्या टोकांनी ढकलते त्या वॉकरवर. पांगुळगाड्यात मूल मागे उभे राहते, दांडी धरते, स्वतःचे वजन स्वतःच्या पायांवर पेलते. गेट ट्रेनरमध्येही धड पट्ट्यांनी धरलेले असले तरी तळवा पूर्ण टेकतो आणि उंची मोजून ठरवलेली असते. बाजारातला झोळीचा वॉकर सी. पी. च्या मुलाला देऊ नये हे निर्विवाद. त्यात टाचा उचललेल्या राहतात, पाय कात्रीसारखे ओढले जातात आणि आधीच ताठ असलेली पोटरी आणखी आखडते. नाशिकच्या खेळण्यांच्या दुकानांत तो सर्रास मिळतो आणि ‘बाळ उशिरा चालतंय’ म्हणून प्रेमाने घरी आणला जातो, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे.

साधन केव्हा द्यावे : ‘आधी थेरपी करू, चाललाच नाही तर खुर्चीचं बघू’ ही पालकांची व अनेक डॉक्टरांची जुनी भूमिका. खुर्ची दिली की मूल चालण्याचा प्रयत्न सोडेल, ही त्यामागची भीती. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात रॉबर्ट पॅलिसानो, पीटर रोझेनबॉम व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची स्थूल कारक क्षमतेनुसार पाच पातळ्यांत विभागणी केली. २००७ मध्ये ती अठरा वर्षांपर्यंत वाढवली गेली. पहिल्या पातळीचे मूल आधाराशिवाय चालते, तिसरीचे हातात साधन धरून, पाचवीच्या मुलास बहुतेक ठिकाणी दुसऱ्याने न्यावे लागते. याच गटाने २००२ मध्ये वाढीचे आलेख प्रसिद्ध केले. पहिल्या पातळीची मुले आपल्या स्थूल कारक क्षमतेच्या ९० टक्क्यांपर्यंत सरासरी ४.८ वर्षांच्या वयात पोहोचतात, पाचवीची २.७ वर्षांतच. सहाव्या वर्षापर्यंत वाट पाहणारे घर ज्या प्रगतीची वाट पाहते ती बहुतांशी आधीच होऊन गेलेली असते, आणि दरम्यान मूल कडेवरच राहते.

बॅटरीच्या साधनाने चालणे मागे पडते याला अभ्यासांतून आधार मिळालेला नाही. उलट बाजूचे दावेही मात्र जपून घ्यावेत. इटलीत बोटोस व सहकाऱ्यांना २००१ मध्ये मुलांचे स्वावलंबन वाढलेले दिसले, बुद्ध्यंकात व कारक दोषात फरक दिसला नाही. मारिया जोन्स व सहकाऱ्यांच्या २०१२ च्या चाचणीत १४ ते ३० महिन्यांच्या मुलांना चिठ्ठ्या टाकावे तसे दोन गटांत विभागले होते. खुर्ची मिळालेल्या मुलांना बोललेले अधिक समजू लागले आणि पालकांवरचा भारही घटला. चाचणी लहान होती, पण या विषयात एवढ्या काटेकोर चाचण्या विरळाच. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १२ ते ३६ महिन्यांच्या मुलांसाठीच्या विजेवरच्या साधनाला मान्यता दिली, त्यावरून तज्ज्ञमत कुठे झुकले आहे ते दिसते.

माप व बैठक : वॉकर दोन तऱ्हेचे. पुढे ढकलायच्या वॉकरवर मूल ओणवे होते. मागून ओढायच्या वॉकरमध्ये चौकट पाठीमागे राहते आणि धड सरळ राहण्यास मदत होते; म्हणून तिसऱ्या पातळीच्या मुलांना बहुधा हाच सुचवतात. व्हीलचेअरची रुंदी कमरेला लागून असावी आणि बैठकीची कड व गुडघ्यामागची खाच यांत दोन-तीन बोटांचे अंतर राहावे. ‘वाढत्या अंगाची’ म्हणून मोठी खुर्ची घेतली की मूल एका बाजूला कलते आणि दोन्ही गुडघे एकीकडे झुकतात. अवघड पातळ्यांत खुब्याचा धोका मोठा आहे. ऑस्ट्रेलियातील २००६ च्या पाहणीत खुबा सरकण्याचे प्रमाण पहिल्या पातळीत शून्य, तर पाचवीत ९० टक्के आढळले. बसण्याच्या साधनाबरोबर खुब्याचा नियमित एक्स-रे सांगितला जातो तो यामुळे.

नाशिकमधील स्थिती : महाराष्ट्रातील पुनर्वसनसेवांचा पाया मुंबईत घातला गेला. के. ई. एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० मध्ये सुरू केलेली व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) शाळा, हाजीअली येथील १९५५ ची अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था, मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये काढलेली स्पॅस्टिक्स सोसायटी ही त्यातील ठळक नावे. कसारा घाट उतरून मुंबईला जाणे हाच नाशिककर पालकांचा कित्येक वर्षे परिपाठ होता. शहरात रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनीची स्थापना केली. तिचे कार्य बौद्धिक अक्षमतेच्या क्षेत्रातले. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय म्हसरूळला आहे आणि राज्यातील भौतिकोपचार (फिजिओथेरपी) व व्यवसायोपचाराच्या पदव्या त्याच्या कक्षेत येतात.

साधन टिकते की कोपऱ्यात पडते, हे येथे जमिनीवर ठरते. सिडको, सातपूरच्या घरांत गुळगुळीत फरशी असते; तिथे पोटावर झोपून हातांनी रेटायची चाकांची फळी उत्तम चालते, पण खोली इतकी लहान की गेट ट्रेनर वळत नाही. जुन्या नाशकात उंबरा, ओटा, जिना. गोदाघाटावर पायऱ्याच पायऱ्या. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर सारवलेली जमीन आणि पावसाळ्यातला चिखल यांत इस्पितळी खुर्चीची पुढची छोटी चाके रुततात. अशा जागी पुढचे चाक मोठे व रुंद, आणि पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर जास्त असलेली खुर्ची हवी. दिवाळीनंतर याच तालुक्यांतील कुटुंबे द्राक्षबागांच्या कामाला निफाड-दिंडोरीकडे उतरतात. टेम्पोत अवजड साधनाला जागा नसते. घडी होणारी हलकी खुर्ची आणि अंगणात बांबूच्या दोन समांतर दांड्या ही जोडी त्यांना अधिक उपयोगी.

योजना : फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी करतात आणि विकासात मागे असलेल्या मुलांना जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे असते. साधने मुख्यतः १९८१ पासूनच्या केंद्रीय अडिप योजनेतून, कानपूरच्या अलिम्को या १९७२ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कंपनीकडून येतात. एकदा साहित्य घेतल्यावर पुन्हा घेण्यास तीन वर्षांची अट आहे, बारा वर्षांखालील मुलांना मात्र एकाच वर्षाची. ही सवलत पालकांना सहसा सांगितली जात नाही, ती मागून घ्यावी. मोटारीवरच्या तीनचाकी व व्हीलचेअरसाठी मात्र २०१४ च्या नियमांत किमान वय सोळा ठेवले गेले. वर आलेल्या चाचणीतील मुले अडीच वर्षांच्या आतली होती. ही वयोमर्यादा शास्त्राच्या विरुद्ध आहे आणि ती बदललीच पाहिजे.

तोवर उपलब्ध असलेला मार्ग खेळण्यातल्या गाडीचा. अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठाच्या कोल गॅलोवे यांनी सुमारे २०१२ पासून ही पद्धत रूढ केली. दुकानात मिळणाऱ्या ६ किंवा १२ व्होल्टच्या गाडीचे पायाखालचे बटण काढून स्टिअरिंगवर मोठे, हलक्या दाबाने चालणारे बटण बसवायचे. पाठ व बगलांना पी. व्ही. सी. पाइप आणि फोमचा आधार, छातीला रुंद पट्टा. वायरिंग कोणत्याही जाणत्या इलेक्ट्रिशियनला जमते. बैठक मात्र थेरपिस्टने मुलाला बसवून ठरवावी आणि बटण मुलाचा जो हात अधिक चांगला चालतो त्या बाजूला लावावे. मूळ गाडीत फ्यूज नसेल तर तो घालावा. पालकाच्या हाती गाडी बंद करायचा वेगळा स्विच ठेवावा. पहिले धडे सपाट, मोकळ्या जागी, जिन्यापासून दूर द्यावेत.