नेगिदाल ही इवेंकीची बोली नाही!

कितीतरी ठिकाणी अजून लिहिलेलं असतं की नेगिदाल ही रशियातली छोटी भाषा म्हणजे सायबेरियातल्या इवेंकी भाषेचीच एक बोली, आणि ते वाचून खरंच वाईट वाटतं. दोघी तुंगुसिक या भाषाघराण्याच्या उत्तर शाखेतल्या, सख्ख्या बहिणी म्हणा हवं तर, त्यामुळे सारख्या वाटतात, पण नेगिदालमध्ये शब्दातला 'र' बऱ्याचदा 'य' झालाय, म्हणजे बघा इवेंकीत रेनडिअर 'ओरोन' तर हिच्यात 'ओयोन'. भाषाशास्त्रज्ञ वेरा त्सिंत्सियुस यांनी तर १९८२ मध्ये हिच्यावर स्वतंत्र पुस्तक काढलं, स्वतंत्र भाषा म्हणूनच. रशियाच्या खाबारोव्स्क प्रांतात अमगून नदीकाठची ही नेगिदाल माणसं, २०१० च्या जनगणनेत जेमतेम ५१३, आणि भाषा येणारे त्यातले अगदी मोजके. बोली म्हटलं की नोंद इवेंकीच्या खात्यात जाते, निदान तिचं नाव तरी तिचंच राहू द्या ना.